नव्या स्टार्टरचा कर्कश आवाज

प्रश्न : आमच्या मासेमारी नौकेच्या जुन्या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला नवा स्टार्टर बसविल्यापासून, इंजिन सुरू होते, परंतु फार कर्कश आवाज येतो. स्टार्टर सदोष समजावा काय?

उत्तर : इतक्यात तसा निर्णय करू नये. आवाज नेमका केव्हा येतो, हे प्रथम लक्षपूर्वक ऐकावे. कारण इंजिन फिरत असताना, ते पेट घेण्यापूर्वीच जो तीक्ष्ण स्वर उमटतो, तो बहुधा पिनियन व फ्लायव्हीलचे दाते यांतील अंतर अधिक असल्याचे दर्शवितो, आणि इंजिनाने पेट घेतल्यावर, कळ सोडता सोडता जो चीत्कार होतो, तो अंतर कमी असल्याचे किंवा पिनियन वेळेवर मागे येत नसल्याचे लक्षण असते. काही स्टार्टरांत हे अंतर पातळ शिम घालून वा काढून साधता येते. फ्लँजवर बसणाऱ्यांत मात्र तशी तजवीज नसते, म्हणून तेथे बैठकीवरील गंज व जुना रंग खरवडून स्टार्टर सरळ बसल्याची खातरजमा करावी.

बॅटरीची तार सोडवून स्टार्टर उतरवावा, आणि जुन्या-नव्या पिनियनचे दाते, त्यांचा आकार व फिरण्याची दिशा ताडून पाहावी. दुकानदाराच्या ‘चालेल’ या शब्दावर विसंबू नये. सहा सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक तीन जागीच थांबते. त्यामुळे फ्लायव्हीलचे दाते तेथेच अधिक झिजतात. फ्लायव्हील हाताने फिरवून संपूर्ण घेर तपासावा. गिअर-रिडक्शन जातीचा स्टार्टर मुळातच उंच स्वरात वाजतो, तो दोष नव्हे. परंतु दात्यांवर ताजे ओरखडे दिसल्यास दुरुस्तीपूर्वी नौका समुद्रात नेऊ नये.