नाचणी दोनदा खुडावी

बाळा, पानशेतचं धरण झालं तेव्हा आंबीकाठची चांगली खाचरं पाण्याखाली गेली. डोंगरउताराच्या वरकस जमिनीनं आणि नाचणीनं माणसं तगवली. आता तू वरकस पुन्हा कसायचं म्हणतोस, म्हणून सांगते. नाचणी हलक्या मातीत येते खरी, पण भातातून उरलेल्या वेळात तिच्याकडे बघायचं, असं करू नकोस.

रोप : राब भाजायला उभ्या झाडांच्या फांद्या छाटू नकोस. गादीवाफा करून मुरलेलं शेणखत घाल, रोप जोमदार येतं. बी विरळ टाक. दाट पडलं तर रोपं लांबुडकी आणि लेचीपेची होतात.

लावणी : रोप 25 दिवसांचं झालं की जुलैच्या पावसात लाव. दोन ओळींत वीतभर अंतर ठेव आणि ओळी उताराला आडव्या धर. उभ्या ओळींतून पाणी धावतं, सोबत माती नेतं. बांधावरचं गवत उपटू नकोस, बांध त्यानंच टिकतो. पहिल्या महिन्यात तण मात्र राहू देऊ नकोस.

खुडणी : मधलं कणीस आधी पिकतं, फुटव्यांची मागून. सगळं एकदम कापलंस तर निम्मं कच्चं येईल, आणि थांबलास तर आधीचं झडेल. म्हणून दोनदा खुड. कणीस तपकिरी झालं की तळहातावर चोळून बघ. दाणा सहज सुटला आणि दाताखाली टणक लागला, तर विळा लाव. पहिल्या खुडणीतली टपोरी, निरोगी कणसं बियाण्याला वेगळी काढ.

मळणी : बाकीच्या कणसांचा तीन-चार दिवस ढीग घाल. आत ऊब धरली की दाणा मोकळा होतो. रोज ढिगात हात घालून बघ. चटका बसला किंवा कुबट वास आला तर लगेच पसर, नाहीतर बुरशी धरेल. बियाण्याची कणसं या ढिगात कधीच घालायची नाहीत, उष्णतेनं अंकुर मरतो. मग कडक ऊन दे, काठीनं झोड, सुपानं पाखड. नीट वाळलेल्या नाचणीला सहसा कीड लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते.

सत्त्व : सगळी नाचणी कच्ची विकू नकोस. रात्रभर भिजव, फडक्यात बांधून मोड आण, वाळव, मोड चोळून काढ, मंद भाजून दळ आणि वस्त्रगाळ कर. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही नसतं. 2023 हे जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून शहरातली माणसंही विचारत येतात. शनिवार-रविवारी धरणावर, तोरण्यावर येणाऱ्यांना घरचं सत्त्व दे, दाम चांगला मिळेल.

भाव कितीही चढो, बियाण्याची कणसं विकायची नाहीत. वाडीत कुणाचं रोप पावसानं नासलं, तर आपल्या घरून त्याला शेरभर बी मिळालं पाहिजे.