एकाच गाण्याच्या तीन प्रती

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये पूर्ण झाली, व त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथमहाराजांनी तिचे संशोधन करून शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण मराठीच्या तासास शिकतो. असे संशोधन करावे का लागले? कारण उघड आहे. ग्रंथ हाताने उतरून घेतला जात असे, व उतरून घेणारा कितीही श्रद्धाळू असला तरी त्याचा हात चुकतो, डोळा एखादी ओळ गाळतो, आणि कधी कधी तर मूळ सुधारण्याचा मोह त्यास आवरत नाही. आपल्या नव्या कराराचीही हीच गोष्ट आहे. प्रेषितांच्या हातची मूळ पत्रे आज कोठेही उपलब्ध नाहीत. चौथ्या शतकातील जुन्या प्रती व इतर अनेक हस्तलिखिते एकमेकांशी ताडून पाहूनच विद्वानांनी पाठ निश्चित केला आहे. हाच न्याय छापलेल्या आवाजास, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीस, लागू पडतो काय, हा ह्या लेखाचा विषय होय.

विषय सुचण्याचे निमित्त असे झाले. काशीमिऱ्याच्या आसपास जुनी बैठी घरे पाडून त्या जागी उंच इमारती बांधण्याचे काम सतत चालू असते. अशाच एका घरातील सामान भंगारवाल्याकडे जाण्याच्या बेतात असता, आपल्या एका विद्यार्थ्याच्या पालकांनी एक चावीचा ग्रामोफोन व तबकड्यांनी भरलेली एक पत्र्याची पेटी शाळेस आणून दिली. तीत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांच्या ‘पिया बिन नाही आवत चैन’ ह्या झिंझोटी रागातील ठुमरीची तबकडी निघाली. हीच ठुमरी माझ्या संग्रही लाँग प्ले तबकडीवर होती, आणि खरखर काढून टाकून साफ केलेली एक प्रत संगणकावरही मिळाली. एकच गायक, एकच गाणे आणि एकच मुद्रण, पण प्रती तीन. विज्ञानमंडळाच्या मुलांस मी विचारले, “ह्यांपैकी खरी कोणती?”

प्रथम गायकाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तरेकडील किराना ह्या गावी झाला. पुढे ते महाराष्ट्रात आले व मिरज हे त्यांचे घर झाले. १९१३ साली त्यांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य, व हिराबाई बडोदेकर ही त्यांची कन्या. ‘मानापमान’ नाटकातील ‘चंद्रिका ही जणू’ हे पदही त्यांनी तबकडीवर गाइले आहे. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असता त्यांचे देहावसान झाले, व मिरजेस त्यांचे दफन झाले. पंडित भीमसेन जोशी ह्यांनी लहानपणी ‘पिया बिन’ची ही तबकडी ऐकली, आणि गायक होण्याची ओढ त्यांस तेथूनच लागली, ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. ज्या मुलाने खाँसाहेबांस समोर बसून ऐकले नव्हते, त्याच्या आयुष्यास एका प्रतीने वळण लावले. तेव्हा प्रत खरी असणे ही काही क्षुल्लक बाब नव्हे.

आता तबकडी कशी तयार होते ते पाहू. गायकाच्या आवाजाने मेणाच्या जाड चकतीवर एक बारीक, नागमोडी चर कोरला जातो. ह्या मेणावर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवितात. तो सोलून काढला की धातूचा उलटा ठसा मिळतो. त्यावरून सुलटा ठसा, आणि सुलट्यावरून पुन्हा उलटे साचे काढतात. हे साचे यंत्रात बसवून, तापवून मऊ केलेल्या लगद्यावर दाबले की तबकडी छापून निघते. म्हणजे गायकाचा कंठ व आपला कान ह्यांच्यामध्ये मेण, तीन वेळचे ठसे व शेवटी तबकडी एवढ्या पायऱ्या असतात. शेकडो प्रती दाबून झाल्यावर साचा झिजतो. म्हणून एकाच साच्यातून निघालेली पहिली प्रत व शेवटची प्रत ह्या सख्ख्या बहिणी असल्या तरी जुळ्या नव्हेत.

आपल्या देशात ग्रामोफोन कंपनीचे मुद्रण प्रथम नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास झाले. त्या वेळी गौहर जान ह्या प्रख्यात गायिकेचीही मुद्रणे झाली. मात्र तबकड्या छापण्याचा कारखाना येथे नव्हता. मेणाच्या चकत्या समुद्रमार्गे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात व तेथे छापून परत येत. गाणे संपताच गौहर जान इंग्रजीत आपले नाव सांगते, ते तिकडील कामगारांस गायक ओळखता यावा म्हणून. १९०८ साली कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाला, तेव्हा कोठे तबकड्या स्वदेशी छापल्या जाऊ लागल्या. तबकडीच्या लगद्यात लाख असे, आणि लाख ही आपल्याच देशाची वस्तू. छोटा नागपूरच्या जंगलातील झाडांवर किडे ती तयार करतात. त्या लाखेत दगडाची भुकटी व काजळी मिसळीत. तबकडीस टणकपणा येतो तो ह्या भुकटीमुळे, आणि वाजविताना सतत जी खरखर ऐकू येते तिचेही एक मोठे कारण ही भुकटीच. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी निघाली. ती व्हिनाइल नावाच्या गुळगुळीत पदार्थाची असून मिनिटास ३३ १/३ फेरे घेते. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे गाणे मावे, तेथे हिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक मावू लागले.

आता आमचा प्रयोग सांगतो. मुलांनी डोळे मिटावे, मी तिन्ही प्रती एकामागून एक लावाव्या, आणि कोणती सर्वांत उत्तम ते त्यांनी कागदावर लिहावे, असे ठरले. बहुतेक सर्वांनी ग्रामोफोनवरील लाखेच्या तबकडीस पहिला क्रमांक दिला. “सर, आवाज जास्त तेजस्वी आहे, ताना अधिक चपळ आहेत,” असे त्यांचे म्हणणे पडले. मलाही ते पटले, आणि जुने ते सोने असे काहीसे बोलूनही मी मोकळा झालो. इतक्यात इयत्ता नववीतील एक मुलगी म्हणाली, “सर, ही प्रत लवकर संपली.” तिने घड्याळ लावून ठेवले होते. आमची तबकडी १८९ सेकंदांत संपली होती, आणि लाँग प्लेवर तेच गाणे २०० सेकंद चालले होते.

मग आम्ही फिरत्या चकतीच्या कडेस कागदाचा एक कपटा चिकटवून एका मिनिटातील फेरे मोजले. ते ७८ भरावयास हवे होते, भरले साडेब्याऐंशी. आता गणित करून पाहा. मिनिटास ७८ फेऱ्यांनी २०० सेकंदांत २६० फेरे होतात, आणि तेच २६० फेरे साडेब्याऐंशीच्या वेगाने १८९ सेकंदांत पुरे होतात. परंतु वेग वाढला म्हणजे केवळ गाणे लवकर संपते असे नव्हे, प्रत्येक स्वराची कंपनेही त्याच प्रमाणात वाढतात. साडेब्याऐंशीस ७८ने भागले असता सुमारे १.०५८ येतात, आणि पेटीवरील लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचे प्रमाण १.०५९ आहे. म्हणजे खाँसाहेबांचा आवाज आम्ही जवळजवळ एक पट्टी चढवून ऐकत होतो. पेटी काढून पडताळा पाहिला. ग्रामोफोनाचा वेगाचा स्क्रू फिरवून फेरे ७८वर आणताच षड्ज एक पट्टी खाली उतरला. आम्ही ज्याची वाहवा केली ते तेज गायकाचे नव्हते, बिघडलेल्या यंत्राचे होते. जो सूर त्यांनी लावलाच नाही, तो आम्ही त्यांच्या नावावर मांडला होता.

दुसरी चूक मोठेपणाची. ग्रामोफोनचा आवाज इतर दोहोंपेक्षा मोठा होता, आणि मोठा आवाज कानास नेहमीच चांगला वाटतो. म्हणून बाकीच्या दोन प्रतींचा आवाज त्याच्या बरोबरीस आणला व परीक्षा पुन्हा घेतली. ह्या खेपेस मते विभागली, परंतु मुलांनी लिहिलेली कारणे पहिल्यापेक्षा पुष्कळ नेमकी होती. लाखेच्या तबकडीत खरखर पुष्कळ, एका जागी चराही पडलेला, तथापि खाँसाहेब श्वास घेतात तो क्षण तीत कळतो. लाँग प्लेमध्ये खरखर कमी, परंतु आवाज किंचित दूर गेल्यासारखा वाटतो. ह्याचे नवल नाही, कारण लाँग प्लेकरिता जुन्या मुद्रणाची प्रथम फितीवर प्रत काढतात व त्या प्रतीवरून नवी तबकडी कोरतात. म्हणजे पायऱ्या आणखी वाढल्या. संगणकावरील प्रतीत खरखर नावालाही नाही. पण स्वर विरत जातो तेथे त्याच्यामागे राहणारी तंबोऱ्याची आसही नाहीशी झाली आहे. कचरा काढताना त्याबरोबर धान्यही पाखडले गेले.

ह्यावरून कोणतीही प्रत पारखताना तीन प्रश्न विचारावेत, असे आमच्या मंडळाने ठरविले.

पहिला प्रश्न : हे मुद्रण कोणते? तबकडीवरील कागदावर छापलेला क्रमांक हा विक्रीचा क्रमांक असतो. मुद्रणाचा क्रमांक कागदालगतच्या गुळगुळीत भागावर कोरलेला असतो, व तो ठशाबरोबर येतो. खाँसाहेबांनी १९०५ साली काही तबकड्या दिल्या, व पुन्हा १९३० नंतरच्या दशकात दिल्या. ह्या दुसऱ्या खेपेची मुद्रणे प्रथम ओडियन ह्या छापाने निघाली व पुढे कोलंबियाच्या छापानेही निघाली. आमच्या तबकडीवर कोलंबियाचा कागद होता, म्हणजे ती पहिल्या आवृत्तीची नव्हे. पण म्हणून ती हलकी ठरत नाही. हजार वेळा वाजून झिजलेल्या पहिल्या आवृत्तीपेक्षा चांगल्या साच्याची, कमी वाजलेली दुसरी आवृत्ती अधिक विश्वासू असू शकते. हस्तलिखितांच्या बाबतीतही केवळ जुनेपण पुरेसे नसते.

दुसरा प्रश्न : मूळ आवाज व ही प्रत ह्यांच्यामध्ये हात किती लागले, आणि कोणत्या हाताने काय बदलले?

तिसरा प्रश्न : ती योग्य रीतीने वाजविली जात आहे काय? वेग मोजण्याचा एक सोपा उपाय मुलांनी घरी करून पाहावा. एका वर्तुळाकार कागदाच्या कडेने समान अंतरावर ७७ काळ्या रेघा काढाव्या व तो तबकडीवर ठेवावा. आपल्या घरातील वीज सेकंदास ५० आवर्तने करते. त्यामुळे तिच्यावर चालणारा साधा दिवा सेकंदास १०० वेळा, म्हणजे मिनिटास ६००० वेळा, कमी-जास्त होतो. ६००० भागिले ७७ म्हणजे ७७.९२. वेग तेवढा असला की रेघा जागच्या जागी स्थिर दिसतात, आणि कमी-जास्त असला की मागे किंवा पुढे सरकतात. मात्र वेगाची ही कसोटी अगदी जुन्या तबकड्यांस डोळे मिटून लावू नये, कारण त्या काळची मुद्रणे नेमक्या ७८ फेऱ्यांनीच झालेली असत असे नाही. वेगाप्रमाणे सुईही पाहावी. जुन्या तबकडीच्या सुईचे टोक लाँग प्लेच्या सुईपेक्षा सुमारे तिप्पट जाड असते. बारीक सुई लावल्यास ती चराच्या तळाशी जाऊन धुळीचाच आवाज काढते.

पालकांस एक नम्र विनंती आहे. घर बदलताना आजोबांच्या तबकड्या वजनावर विकू नका. त्या उभ्या ठेवाव्या, उन्हापासून व उष्णतेपासून जपाव्या, आणि मऊ कोरड्या फडक्याने पुसाव्या. लाखेच्या तबकडीस स्पिरिट मुळीच लावू नये, कारण त्यात लाख विरघळते आणि गाणे पुसले जाते. त्या वाजविण्यापूर्वी दोन्ही क्रमांक वहीत उतरवून घ्यावे. ग्रामोफोनाच्या जड डोक्याखाली लोखंडी सुई दर वेळी चर थोडा खातेच. ह्याच कारणास्तव आम्ही आमची तबकडी मोजक्याच वेळा वाजविली, तिची एक प्रत खरखरीसकट जशीच्या तशी काढून ठेवली, आणि मूळ पेटीत ठेवून दिली.

शेवटी एका अतिदूर गेलेल्या प्रतीची गोष्ट सांगतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे, व तीत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर ह्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. ही तबकडी कोणास कधी सापडेल किंवा सापडणारही नाही, हे कोण सांगेल? तरीही पाठविणाऱ्यांनी तिच्याबरोबर सुई दिली, आणि ती किती वेगाने फिरवावी हे वेष्टनावर खुणांनी कोरून ठेवले. कोट्यवधी कोसांवरील अनोळखी श्रोत्यानेही केसरबाईंचा सूर तिच्याच पट्टीत ऐकावा, एवढी काळजी त्यांनी घेतली. आपल्या घरातील पेटीत असलेल्या आवाजाविषयी तेवढीच काळजी आपण घेतली, तर जे गाऊन गेले त्यांच्याशी आपण प्रामाणिक राहिलो असे म्हणता येईल. प्रेषित पौलाने थेस्सलनीकेच्या मंडळीस पारख करण्याविषयी जो उपदेश केला, तो कानांसही लागू आहे, हे ह्या वर्षी आमच्या मंडळाने एका तबकडीपासून शिकले.