दीक्षान्त भाषण : उपदेशकाच्या अधिकाराचा प्रश्न

पदवीदान समारंभातील भाषण सामान्यतः औपचारिक वक्तृत्वात जमा धरले जाते. प्रसंग ठराविक, श्रोता ठराविक आणि आशयही बहुतांशी ठरलेला. तरीही त्यांतील मोजकी भाषणे समारंभ संपल्यानंतर स्वतंत्र संहिता म्हणून वाचली जातात. त्यांचे टिकणे उपदेशाच्या नावीन्यावर अवलंबून नसते. उपदेश करण्याचा अधिकार वक्ता कसा मिळवितो, यावर ते अवलंबून असते. प्रस्तुत लेखात तीन अमेरिकन संहितांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

या प्रकाराचे प्राचीन भारतीय रूप तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीतील अकराव्या अनुवाकात आढळते. अध्ययन संपविलेल्या शिष्याला आचार्य सत्य, धर्म व स्वाध्याय यांविषयी थेट आज्ञार्थी उपदेश करतात. मात्र आपल्या आचरणातील जे चांगले असेल तेवढेच अनुसरावे, इतर नव्हे, असेही बजावतात. आज्ञा आणि आत्ममर्यादा यांचा हा मेळ शक्य होतो, कारण उपदेशामागे परंपरा आणि दीर्घ सहवास उभा आहे. आधुनिक समारंभातील वक्ता बहुधा पाहुणा असतो. श्रोत्यांना त्याने शिकविलेले नसते. त्यामुळे आपला अधिकार त्याला भाषणातच सिद्ध करावा लागतो.

हा अधिकार श्रोत्यांना किती आवश्यक वाटतो, हे मेरी श्मिक यांच्या लेखावरून दिसते. १ जून १९९७ रोजी ‘शिकागो ट्रिब्यून’मधील स्तंभात त्यांनी एक काल्पनिक दीक्षान्त भाषण लिहिले. सनस्क्रीन वापरण्याच्या सल्ल्याला विज्ञानाचा आधार आहे, उरलेल्या सल्ल्यांना केवळ स्वतःच्या अनुभवाचा, अशी कबुली त्यात आरंभीच येते. पुढे ई-मेलद्वारे हा मजकूर कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट यांचे एमआयटीतील भाषण म्हणून पसरला. वस्तुतः त्या वर्षी तेथे कोफी अन्नान बोलले होते. संहितेने नाकारलेला अधिकार वाचकांनी प्रसिद्ध नावाच्या रूपाने तिला पुन्हा बहाल केला.

स्टीव्ह जॉब्ज यांनी १२ जून २००५ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या भाषणात हा अधिकार कथनातून उभा राहतो. आपण पदवीधर नाही, हे ते प्रारंभीच सांगतात. महाविद्यालय सोडल्यानंतर शिकलेली सुलेखनकला आणि मॅकिन्टॉशमधील अक्षरवळणे, ‘अ‍ॅपल’मधून झालेली हकालपट्टी, कर्करोगाचे निदान या तीन कथांतून उपदेश निष्पन्न होतो. या रचनेची मर्यादाही येथेच आहे. घटनांचा परस्परसंबंध मागे वळून पाहतानाच कळतो, हे वक्ता स्वतः मान्य करतो. परंतु त्याच्या कथेचा यशस्वी शेवट सभागृहाला ठाऊक असतो, श्रोत्याला स्वतःच्या कथेचा नसतो.

डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांचे २१ मे २००५ रोजीचे केन्यन कॉलेजमधील भाषण या अडचणीला थेट भिडते. आपण ज्या पाण्यात आहोत ते न ओळखणाऱ्या तरुण माशांची बोधकथा सांगून, आपण त्यातील शहाणा म्हातारा मासा नव्हे, असे ते लगेच स्पष्ट करतात. त्यानंतर येते ती थकलेल्या संध्याकाळी सुपरमार्केटच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाची चिडचिड. लक्ष कशाकडे द्यावे हे निवडता येणे, हा त्यांच्या मते शिक्षणाचा खरा अर्थ. आणि ते आपल्यालाही नेहमी साधत नाही, हेही ते सांगतात. येथे नायक वक्ता नसून श्रोत्याचा उद्याचा सामान्य दिवस आहे. वॉलेस यांच्या निधनानंतर, २००९ मध्ये, हे भाषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

तिन्ही संहितांत वक्ता आपले उच्चासन सोडतो. पण जॉब्ज यांचे आसन त्यांची कीर्ती परत मिळवून देते, श्मिक यांना ते वाचक देतात; वॉलेस मात्र श्रोत्याच्या रांगेत उभे राहतात. म्हणूनच आचार्यांच्या आत्ममर्यादेशी त्यांचे नाते अधिक जवळचे ठरते. उणीव राहते ती सहवासाची. ज्यांनी वर्षानुवर्षे शिकविले ते श्रोत्यांत बसतात आणि निरोपाचा उपदेश अपरिचिताकडून होतो. या वाङ्मयप्रकाराचे आधुनिक रूप याच विसंगतीतून घडले आहे.