बाकावरचा डबा

चि. बाळ,

परवा दादाचा फोन आला. कौतुकाने सांगत होता, किडनी ट्रान्सप्लांटच्या पेशंटच्या मुलाखती आता तू एकटी घेतेस, आणि स्किझोफ्रेनियाच्या एका मुलाची फाईल वीस मिनिटांत हातावेगळी केलीस. शेरा काय, तर ‘औषधं नियमित घेईल याची खात्री नाही, घरचा आधार अपुरा.’ पेशंटची गोष्ट दादापर्यंत पोचलीच कशी, हेही विचारायचं आहे. पण त्या एका ओळीने तुझ्या आत्याची झोप उडाली आहे.

वीस मिनिटांत काय कळलं गं?

खात्री लागते, हे आत्याही मान्य करते. नवी किडनी टिकवायची तर टॅक्रोलिमससारखी औषधं रोज, ठरल्या वेळी, किडनी चालेल तोवर घ्यावी लागतात. त्यात हयगय झाली की शरीर किडनी नाकारू शकतं, आणि यादीत वाट पाहणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या कामी आली असती ती वाया जाते. प्रश्न विचारायलाच हवेत. पण निदानाचं नाव म्हणजे त्यांचं उत्तर नव्हे. मनाच्या गोळ्या तो किती वर्षं घेतोय, कोण देतं, शेवटची कधी चुकली, का चुकली? डायलिसिसच्या किती पाळ्या बुडवल्या? एकही बुडवली नसेल, तर ते फाईलमध्ये कुठे आहे?

१९९५ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, सँड्रा जेन्सन या डाऊन सिंड्रोम असलेल्या बाईला हृदय आणि फुफ्फुसं बदलायची होती. दोन केंद्रांनी नाही म्हटलं. तिची अवस्था तुझ्या पेशंटपेक्षा वेगळी, पण शंका हीच: पुढची औषधं, पथ्यं हिला झेपतील का? ती तर स्वतंत्र राहत होती. लोकांनी आवाज उठवला आणि जानेवारी १९९६ मध्ये त्यातल्याच एका केंद्रात, स्टॅनफर्डला, तिचं ऑपरेशन झालं. पुढे २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्याच डॉक्टरांनी ‘सिपॅट’ ही १८ मुद्द्यांची मोजपट्टी मांडली. तिच्यात आजाराची समज, माणसांचा आधार, मनाची स्थिती, व्यसन, सगळंच पाहावं लागतं. आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो की मनाच्या रुग्णाला शरीराच्या रुग्णाइतकीच वागणूक मिळाली पाहिजे. हे सगळं तू शिकलेली आहेस. मग वीस मिनिटं?

आत्या पंचविशीत होती तेव्हा तिनेही एका बाईच्या कागदावर ‘जवळचं कुणी नाही’ असं लिहिलं होतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक शेजारीण मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसलेली असायची. डब्याचं झाकण सैल, म्हणून फडक्याने बांधलेलं. आत्या रोज तिच्यासमोरून जायची. तू कोण, एवढं कधी विचारलं नाही. महिन्याभराने कळलं की पेशंटला गोळ्या मोजून देणारी तीच. तोवर कागद पुढे गेला होता. ती बाई पुन्हा आली नाही. तो डबा आत्याला अजून दिसतो.

म्हणून सांगते, त्या मुलाला परत बोलाव. तो जे सांगेल ते डॉक्टरांपुढे जाणार आहे, हे त्याला बोलण्याआधीच सांग. नाहीतर तो तुला आपली ताई समजून मन मोकळं करेल आणि तेच त्याच्या अंगावर येईल. उणं असेल ते उणं म्हणून लिही, पण ते कशाने भरून निघेल हेही लिही. भाऊ, शेजारी, मानसोपचाराची पुढची तारीख, कुणीतरी, काहीतरी असतं. बाकावर कोण बसलंय ते बघ.

रागावले म्हणून रडत बसू नकोस. एकटीवर किती फायली पडतात, संध्याकाळी पाय कसे भरून येतात, हे आत्याला ठाऊक आहे. तू लहानपणी जखमी चिमणीला रात्रभर उशाशी घेऊन बसली होतीस, तेही तिला ठाऊक आहे.

दादाबरोबर मेतकुटाची बरणी पाठवली आहे. गरम भातावर तूप घालून खा, कंटाळा करू नकोस. त्या मुलाशी बोलून झालं की फोन कर, कितीही उशीर होऊ दे. आत्या जागीच असते.

तुझी,
आत्या