आधी कोड विचार, मग कॉइल घे

अगं, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणून एवढं घाबरायला काय झालं? आधी सांग, तो नुसता लागलाय की लुकलुकतोय? नुसता लागला असेल तर सावकाश चालवत घरी ये. लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर मात्र बाजूला घे आणि बंद कर. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियमचा थर असतो बाई, बिल बघून रडशील.

ब्लूटूथचा छोटा स्कॅनर घेऊन ठेव, फार महाग नसतो. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात लाव आणि फोनवर कोड वाच. समज, पी०३०१ आला. म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग मारतोय. गॅरेजवाला लगेच म्हणेल, ‘ताई, कॉइल गेली, चारही बदलू.’ मान डोलावू नकोस. गाडीच्या कॉम्प्युटरला कॉइल दिसत नाही गं. पहिल्या सिलिंडरची पाळी आली की क्रँकशाफ्टचा वेग जरासा पडतो, तेवढंच त्याला कळतं. मग दोष कॉइलचा, प्लगचा, इंजेक्टरचा, कुणाचाही असू शकतो.

म्हणून त्याला सांग, पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लाव, दुसऱ्याची पहिल्यावर. इंजिन बंद आणि थंड असताना हे काम पाच-दहा मिनिटांचं. मग कोड उडवायचा आणि एक चक्कर मारायची. आता पी०३०२ आला, तर कॉइलच चोर. एकच नवी घे. पी०३०१ हटला नाही, तर प्लगची अशीच अदलाबदल कर, मग इंजेक्टर. चेन किंवा बेल्टच्या बाजूचा सिलिंडर बहुधा पहिला असतो, तरी मॅन्युअलमध्ये बघून घे. गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीच करू नकोस, सरळ सर्व्हिस सेंटरला ने.

कोड उडवण्याआधी स्क्रीनचा फोटो काढ हं. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. बिघाड झाला तेव्हा इंजिन किती गरम होतं, किती फिरत होतं, हे तिच्यातच असतं.

आणि परवाच बॉनेट उघडून प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुऊन घेतलंस ना? मग आधी कॉइल काढून प्लगच्या खड्ड्यात डोकावायला सांग. पाणी साचलं असेल तर हवा मारून वाळवलं की भागेल कदाचित. तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गेलंय, ते बदल.

एवढं करूनही पहिला सिलिंडर ऐकत नसेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घे. चारही सिलिंडरचे आकडे कागदावर माग. नुसतं तोंडी ‘इंजिन बसलंय ताई, खोलावं लागेल’ म्हणाला, तर गाडी तिथे ठेवू नकोस.