समुपदेशन : मनाचे बोलणे आणि ऐकणे

समर्थ रामदासांच्या २०५ 'मनाच्या श्लोकां'त उपदेशक बोलतो आणि मन ऐकते. समुपदेशनात हा क्रम उलटतो. 'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' दडलेला असला, तरी तेथे मन बोलते आणि समुपदेशक ऐकतो. दिल्लीत १९७६ साली स्थापन झालेल्या 'संजीवनी' संस्थेने प्रशिक्षित स्वयंसेवकांकरवी असे ऐकणे विनामूल्य उपलब्ध करून दिले.

पहिल्या भेटीत पूर्ववृत्त व अपेक्षा विचारल्या जातात आणि गोपनीयतेच्या मर्यादा स्पष्ट केल्या जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. पुढील काही भेटींत दडपलेले दुःख वर आल्याने अस्वस्थता वाढू शकते. तेवढ्यावरून समुपदेशन निष्फळ ठरत नाही. मात्र ती समुपदेशकाला सांगावी. विश्वास बसेनाच, तर समुपदेशक बदलता येतो.

प्रगतीची खूण कथनात दिसते. घटना तीच राहते, निवेदकाची दृष्टी बदलते. 'माझ्यामुळेच घडले' याऐवजी 'तेव्हा मला एवढेच कळत होते' असे वाक्य येते.

दिल्लीतील मराठी माणसाचा व्यवहार हिंदी-इंग्रजीत चालतो. 'जीव गुदमरतो' हे मात्र त्याला मराठीतच म्हणावेसे वाटते. म्हणून आपल्या भाषेतील समुपदेशक मागण्यात संकोच नसावा. भाषांतर करीत सांगितलेल्या दुःखातील काही भाग न सांगताच राहतो.