डावा पाय, उजवा पाय

कॅडेट मित्रांनो, ४०० मीटर हर्डल्स ही ताकदीची शर्यत आहे असे तुमच्यातले बरेच जण समजतात. माझ्या मते ती आधी हिशेबाची शर्यत आहे, आणि तो हिशेब समजून घ्यायला युगांडाच्या जॉन अकी-बुआइतके चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

मोजमाप असे: दहा अडथळे, पुरुषांसाठी उंची ९१.४ सेंटिमीटर. पहिल्या अडथळ्यापर्यंत ४५ मीटर, मग दर ३५ मीटरला एक, आणि शेवटी ४० मीटर मोकळे. दोन अडथळ्यांमधली पावले १३ किंवा १५, म्हणजे विषम पडली, तर दर वेळी तोच पाय पुढे येतो. १४ पडली तर पाय बदलतो. ज्याला एकाच पायाने उडी येते, तो दमल्यावर तेरावरून चौदावर येऊ शकत नाही. त्याला थेट पंधरा पावले टाकावी लागतात. पावले आखूड होतात आणि वेग तिथेच जातो.

दुसरी अडचण वळणाची. ट्रॅक डावीकडे वळतो. डावा पाय पुढे असेल तर आतल्या रेषेला धरून जाता येते. उजवा पुढे टाकला, तर मागून येणारा डावा पाय अडथळ्याच्या बाहेरून खाली घसरण्याची भीती असते, आणि तसे झाले की धावपटू बाद. (पालकांसाठी एक गोष्ट: धावताना नुसता धक्का लागून अडथळा पडला तर कोणी बाद होत नाही. त्यावरून मुलांना बोलू नका.) पहिल्या लेनचे वळण सर्वांत तीव्र, म्हणून ती कोणालाच नको असते.

अकी-बुआला म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत नेमकी तीच लेन मिळाली.

त्याचा जन्म १९४९ चा. वडिलांच्या आठ बायका आणि ४३ मुले, त्यांतला हा एक. तो पोलिसांत नोकरीला होता. आधी छोट्या अंतराच्या हर्डल्स धावत असे, पण १९६८ च्या ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली नाही. माल्कम अर्नोल्ड या ब्रिटिश प्रशिक्षकाने त्याला ४०० मीटरकडे वळवले. अंगात वजनाचे जाकीट घालून तो अडथळ्यांवरून धावायचा. दोन्ही पाय त्याने सारखे तयार केले होते.

२ सप्टेंबर १९७२. विश्वविक्रम होता ४८.१२ सेकंदांचा, आणि तो करणारा डेव्हिड हेमरी त्याच शर्यतीत होता. अकी-बुआने ४७.८२ सेकंद घेतले. ४८ सेकंदांच्या आत येणारा तो जगातला पहिला. दुसरा आलेला राल्फ मान ४८.५१, हेमरी ४८.५२. शर्यत संपल्यावरही तो नसलेल्या अडथळ्यांवरून उड्या मारत मैदानाला फेरी घालत होता! युगांडाचे हे पहिले ऑलिंपिक सुवर्ण.

पुढचे त्याच्या हातात नव्हते. १९७६ मध्ये आफ्रिकी देशांनी माँट्रियलवर बहिष्कार टाकला. तिथे एडविन मोझेसने ४७.६४ ची वेळ देऊन त्याचा विक्रम मोडला, आणि हा घरी. इदी अमीनने त्याला बढती दिली होती, घर दिले होते. तो लांगी जमातीचा, आणि अमीनच्या राजवटीत याच जमातीचा छळ होत होता. १९७९ मध्ये ती राजवट कोसळताना आपल्याला अमीनचा माणूस समजतील या भीतीने तो कुटुंबासह केनियात पळाला. ऑलिंपिक विजेता निर्वासितांच्या छावणीत! तो प्यूमाचे बूट वापरत असे. त्या कंपनीने त्याला सोडवून जर्मनीत नेले आणि काम दिले. १९८० मध्ये मॉस्कोत तो पुन्हा देशासाठी धावला.

जर्मनीत राहणे सोपे होते, तरी तो परतला आणि यादवीने पोळलेल्या युगांडात प्रशिक्षक झाला. मला त्याच्या पदकाइतकाच हा निर्णय मोठा वाटतो. १९९७ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी तो वारला. शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले.

युगांडाला दुसरे ऑलिंपिक सुवर्ण २०१२ मध्ये लंडनला मिळाले, स्टीफन किप्रोटिचच्या मॅरेथॉनमध्ये. मधे चाळीस वर्षे गेली होती.